जावयाने पसंत केलेलं इंजिन

पौष लागला की आमच्या घरात माझ्यावर पाळत सुरू होते. आकुर्डीच्या या कॉलनीत सकाळी धुकं उतरतं, कारखान्याचा भोंगा त्यात भिजून आल्यासारखा जाडसर ऐकू येतो, आणि ओढ्याच्या अंगाला अजून शिल्लक राहिलेल्या चार-दोन वावरांतून कुठलं तरी म्हातारं ऑइल इंजिन खोकत खोकत जागं होतं. डुग... डुग... डुगडुगडुग. माझा चहाचा कप हातातच राहतो. थोरली मुलगी भावाला कोपराने ढोसते, "लागली बाबांची बोट." आणि इंदू, म्हणजे माझी बायको, आतून ओरडते, "आधी भाजी आणा. बोट संध्याकाळी सोडा."

मुलांना वाटतं, मला त्या बोटीची आठवण येते. येतेही. पण खरं सांगायचं तर ती बोट मी जेमतेम एक हिवाळा पाहिली आणि तासभर तिच्यात बसलो. आठवण येते ती एका प्रश्नाची. आयुष्यात मला इंजिनाबद्दल एकदाच कुणीतरी गंभीरपणे प्रश्न विचारला, आणि मी उत्तर दिलं. उत्तर द्यायचं नसतं, हे मला ठाऊक नव्हतं.

तो पंचावन्न-छप्पन्नचा हिवाळा. पिंपरीला माळावर नवा कारखाना उभा राहत होता आणि मी तिथे स्टोअरमध्ये कारकून होतो. नटबोल्टांची नावं मला तोंडपाठ होती, चेहरे फारसे ओळखीचे नव्हते. लग्न वैशाखात झालं होतं, पण चिंचवडला खोली काही मिळत नव्हती. म्हणून इंदू माहेरी, महाळुंग्याला. मी एका मित्राच्या पडवीत. आणि दर रविवारी दोघांच्या मधोमध माझी सायकल. नव्या नवऱ्याला अंतर जाणवत नाही म्हणतात. मला जाणवायचं. कुरुळीच्या चढाला मी नेमाने उतरून सायकल ढकलत असे आणि कुणी दिसलंच तर चेन बघितल्यासारखं करत असे.

पण त्या रस्त्याची सकाळ! दोन्ही अंगांना ज्वारी कणसावर आलेली, मधेच कांद्याचे वाफे, नुकतं पाणी पिऊन काळेभोर झालेले. कुठेतरी हुरडा भाजल्याचा वास, आणि त्याच्यात मिसळलेला, आज कुणाला सांगितलं तर नाक मुरडेल असा, जळक्या क्रूड तेलाचा वास. विहिरीविहिरीवर इंजिनं लागलेली असायची. प्रत्येकाचा ठोका वेगळा. एक दमेकरी, एक गर्विष्ठ, एक मधेच ठोका गाळून विचार करणारं. आता विजेच्या मोटारी आल्या. त्या चांगल्याच आहेत, पण त्या एकसुरी कण्हतात. त्यांना श्वास नाही.

हे ठोके ओळखायला मला शिकवलं ते मामांनी. मामा म्हणजे माझे सासरे, मारुतराव. पंधराव्या वर्षी महाळुंग्याहून मुंबईला गेले आणि पुढची बावीस वर्षं एका शेठच्या खाजगी लाँचवर इंजिन सांभाळत होते. लढाईच्या आधी बांधलेली, तीस फुटी, अख्ख्या सागाची लाँच. आत बसायला गादीची बाकं, पितळी कडांच्या गोल खिडक्या. शेठच्या बायकोचं नाव शिरीन, म्हणून लाँचचंही तेच. बाई गेल्या, शेठ थकला, डॉक्टरांनी समुद्राची हवा बंद केली. लाँच गोदीत उभी राहिली आणि मामा घरी परतून कांदे लावू लागले. पण शेठचं मन मामांवर. त्यांच्याच सांगण्यावरून त्याने महाळुंग्याला नदीकाठी जमीन घेतली, छोटा बंगला बांधला, आणि त्या साली दिवाळीनंतर, माणूस घरातलं शेवटचं सामान हलवतो तशी, लाँच मागवून घेतली.

ती आगगाडीच्या उघड्या वाघिणीतून चिंचवड स्टेशनावर आली आणि तिथून एकापाठी एक जुंपलेल्या दोन बैलगाड्यांवर. मी तो प्रवास सायकलवरून, अगदी मागे मागे राहून पाहिला. ज्वारीच्या कणसांवरून सागाची बोट संथपणे पुढे सरकत होती. खालच्या गाड्या दिसत नव्हत्या. कुरुळीजवळ एका आजीने हात जोडले आणि "कुठल्या देवीचा रथ म्हनायचा?" असं विचारून तिच्यावर हळदकुंकू टाकलं. मामा पुढे चालत होते. मागे वळून म्हणाले, "शिरीनदेवी. मुंबैची हाय."

आता इंजिनाचं. त्या लाँचमध्ये विलायती इंजिन होतं. चार सिलिंडरचं. पेट्रोलवर सुरू करायचं, गरम झालं की कॉक फिरवून रॉकेलवर सोडायचं. मामा त्याला "चार भाऊ" म्हणत. "चौघं एका जिवानं चालायची, पाव्हणं. चाललंय का बंद पडलंय, ह्ये बघाया शेठ वरनं खाली डोकवायचा. येवढं गप." पण बावीस वर्षं खाऱ्या पाण्याने गार होत होत त्याच्या बिडाला आतून गंज लागला होता, आणि उभं राहिल्या जागी एका बाजूला वीतभर तडा गेला होता.

मग त्या मार्गशीर्षात मामांच्या ओसरीवर रोज एकच विषय. शेठने सगळं मामांवर टाकलं होतं. "मला इंजिन काय समजते? तू बोलशील ते बसव." गावाला मात्र सगळं समजत होतं. कुणी सांगितलं, देहूरोडच्या लष्करी डेपोतून लिलावात निघालेल्या मालमोटारीचं इंजिन आणा. हलकं, ताकदीचं, बोट उडत जाईल. मामी चुलीपुढून म्हणाल्या, "उडंल तर. लाकडाच्या डब्यात पेट्रोल आन् वरनं मान्सं बिडी वढनार." ते तिथेच बारगळलं. गावातले गिरणीवाले धोंडिबा म्हणाले, "सरळ विहिरीवरचं ऑइल इंजिन टाका की राव. एक सिलिंडर, दोन चाकं, बिघडंल ते डोळ्याला दिसंल. जड हाय खरं, म्हशीवानी. पर म्हसच दूध देती."

मामा ऐकून घेत. बोलत नसत. त्यांच्या मनात चार भाऊच होते, हे मला सोडून सगळ्यांना कळत होतं. अडचण वेळेची होती. तडा गेलेला बिडाचा ब्लॉक मुंबईला जोडायला पाठवायचा तर परत यायला होळी. होळीपर्यंत बंधाऱ्याचं पाणी सोडतात. एरवी मैलभर तुंबलेला इंद्रायणीचा डोह गुडघ्याएवढा होतो. म्हणजे बोट पुढच्या हिवाळ्यात. आणि शेठचे डोळे चालले होते. तो मामांना म्हणाला होता, "मारुती, अजून थोडं थोडं पाणी चमकताना दिसते. तोपर्यंत एकदा बसव." संक्रांतीला लाँच पाण्यात, असा शब्द मामांनी दिला होता. जुनं ठेवावं तर शेठ हुकतो, नवं घ्यावं तर चार भाऊ हुकतात. माणूस रोज गोठ्यामागे जाई, तिथे उघड्यावर ठेवलेल्या बोटीत उतरे, त्या थंड इंजिनावर हात ठेवून बसे आणि परत येई.

अशा एका रविवारी दुपारी, चार माणसं बसलेली असताना, मामांनी माझ्याकडे वळून विचारलं, "पाव्हणं, तुमचं काय म्हननं हाय?"

इथे एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे जावयाला सगळं विचारतात. बैल घ्यायचा, विहीर खणायची, धाकट्याचं लग्न जुळवायचं, सगळं. आणि उत्तर ठरलेलं असतं: "तुम्ही वडीलधारी माणसं. तुम्ही ठरवाल ते." मग सगळे माना डोलावतात, चहा येतो आणि सासरा जे करायचं ते करतो. हे जन्मजात कळतं म्हणे. माझे वडील लवकर गेलेले, घरात बहीण नाही, जावई कसा बसतो-उठतो हे कधी पाहिलेलं नाही. आणि दुर्दैव असं की आदल्याच आठवड्यात आमच्या स्टोअरमध्ये एक विक्रेता ऑइल इंजिनाची माहितीपुस्तिका ठेवून गेला होता आणि ती मी दुपारच्या डब्याबरोबर दोनदा वाचली होती.

मी घसा खाकरला. पाव तास बोललो. आगीचा धोका, तेलाची बचत, सुटे भाग, देशी कारखानदारी. "कॉम्प्रेशन" हा शब्द मी तीनदा वापरला. एकदा तर बरोबर जागी. शेवटी मांडीवर थाप मारून म्हणालो, "माझं स्पष्ट मत आहे मामा, ऑइल इंजिनच बसवावं."

लांब विहिरीवर कुणाचं तरी इंजिन चालू होतं तेवढंच. दाराआडून इंदूच्या बांगड्या एकदाच, पण जोरात वाजल्या. मामा आपल्या दोन्ही तळहातांकडे बघत होते. मग म्हणाले, "व्हय. पाव्हन्यांचा शब्द पडला. मंग झालं." चहा आला तो उशिरा, आणि त्यात साखर कमी होती.

"कुनी सांगितलं व्हतं तोंड उघडाया?" मागच्या परसात इंदूने मला गाठलं.

"त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं."

"विचारलं म्हंजी सांगायचं असतं व्हय?"

पुढच्या रविवारी मी धापा टाकत गेलो आणि चप्पल काढायच्या आत म्हणालो, "मामा, माझं बोलणं मनावर घेऊ नका. मला त्यातलं काय कळतं?" मामा हसले. "आवं, शब्द माघारी घ्येतला तर गावात तुमची काय पत ऱ्हाईल? नवं इंजिन कालच पुन्याहून निघालं." माझी पत राखायला त्यांनी काय दिलं, याचा हिशेब मला त्या वयात जमला नाही.

जुनं इंजिन बाहेर काढलं तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे आहे. बोटीवर तीन वाशांची घोडी, साखळी, आणि आत मामा. त्यांनी एकेक नट सोडवला, रॉकेलमध्ये धुतला, पुसला आणि तुपाच्या रिकाम्या डब्यांत वेगवेगळ्या चिंध्यांत बांधून ठेवला. लाल चिंधी पहिल्या भावाची, पांढरी दुसऱ्याची. मी घड्याळ बघत होतो. जे परत बसवायचं नाही ते माणूस इतक्या निगुतीने खोलत नाही, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही.

नवं इंजिन बसवलं तेव्हा शिरीनदेवीची रयाच गेली. ते केबिनमध्ये मावेना. शेठच्या गादीचं बाक काढावं लागलं, छपराला भोक पाडून धुराड्याची नळी वर काढावी लागली. पाणी मागे लोटणाऱ्या मागच्या पंख्याचा दांडा तिरका, इंजिन बसणार सपाट. म्हणून गिरणीसारखा पट्टा लावून दोन्ही जोडले. रेशमी शालू नेसलेल्या बाईच्या डोक्यावर कुणी गवताचा भारा द्यावा, तशी ती दिसत होती.

संक्रांतीच्या दिवशी अख्खं गाव डोहाकाठी. लग्नानंतरची पहिली संक्रांत, म्हणून मामींनी मुंबईच्या चाळीत शिकलेल्या सगळ्या हौशी भागवून घेतल्या होत्या. इंदूच्या अंगावर काळं लुगडं आणि हलव्याचे दागिने. माझ्या गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याने मढवलेला नारळ. या वेषात मला बोटीत मानाच्या जागी बसवलं. शेजारी शेठ, कोट घालून, काठीवर दोन्ही हात. मला पोहता येत नाही हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलं असावं.

मामांनी दोन्ही हातांनी हँडल मारलं. डुग. डुग. डुगडुगडुग. काठावरून आरोळी उठली. दोर सोडला, आणि शिरीन मोठ्या डौलाने उलटी निघाली.

थेट मागे. मागे बायका धुणं धूत होत्या. त्या पातळं सावरत पळाल्या. मामांच्या चेहऱ्यावर मी असा गोंधळ कधी पाहिला नव्हता. जुन्या इंजिनाला दांडी होती: ढकलली की पुढे, ओढली की मागे. बावीस वर्षांत यंत्र कुठल्या अंगाने फिरतं हे त्या माणसाला कधी बघावंच लागलं नव्हतं. विहिरीवरच्या इंजिनाला पुढे काय, मागे काय. पाणी वर आलं म्हणजे झालं. बोट चिखलात रुतून थांबली आणि काठावरून धोंडिबा ओरडले, "आवं मारुतराव, पट्ट्याला पीळ घाला की! गिरनीत जातं उलटं फिराया लागलं तर काय दळण माघारी धाडता व्हय?"

पट्टा काढून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पीळ देऊन परत चढवला. पंखा उलट फिरू लागला आणि बोट पुढे निघाली. पण काय ती हादरत होती! खिडक्यांच्या काचा वाजत होत्या, माझे दात वाजत होते, आणि गळ्यातल्या हारातला हलवा दाणादाणा सुटून बाकावर नाचत होता. मामांकडे बघायची माझी हिंमत होईना, म्हणून मी शेठकडे बघितलं. शेठ हसत होता. तोंड वर करून, डोळे मिटून, लहान मुलासारखा.

"मारुती! अरे, ही तर बोलते!" त्या धडधडाटात तो ओरडला. "आता मला दिसते बोट! कानाने दिसते! ती जुनी अगदी गुपचूप. तेव्हा डोळे होते, चालून जायचं."

घरी ही गोष्ट सांगताना मी इथे थांबतो, आणि मुलं म्हणतात, "म्हणजे बाबा, तुमचंच बरोबर होतं!" मलाही त्या दिवशी तसंच वाटलं. अर्धा डोह पार होईपर्यंत मी हलव्याचा नारळ धरून छाती काढून बसलो होतो. मग माझी नजर मामांवर गेली. ते इंजिनापाशी उकिडवे बसले होते. शेठच्या बोलण्यावर त्यांनी "व्हय शेठ" म्हटलं होतं आणि हसलेही होते. मग मान वळवून मागच्या पाण्याकडे बघू लागले. बोटीमागे पाण्यात दोन रेघा उघडत जातात ना, तिथे. बराच वेळ ते तसेच बघत होते.

होळीनंतर शेठला त्याच्या मुलांनी डोळ्यांसाठी मुंबईला नेलं. तो परत आला नाही. नव्या इंजिनाच्या धक्क्यांनी लाँचच्या फळ्यांचे सांधे सैल झाले होते. उन्हाळ्यात ते उघडले. मुलांनी ती सागाच्या भावाने पुण्याच्या एका लाकूडवाल्याला दिली. ऑइल इंजिन मात्र धडधाकट. ते कुणाच्या तरी विहिरीवर गेलं आणि कित्येक वर्षं कांद्याला पाणी देत राहिलं. त्याला बोट काय आणि विहीर काय.

आम्हाला खोली मिळाली, इंदू चिंचवडला आली, सायकलीचे रविवार संपले. महाळुंग्याला जाणं सणासुदीपुरतं उरलं. गेलो की दिसे: गोठ्याच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली चार भाऊ, आणि त्यांच्यापुढे मामा. बिडाला साधं वेल्डिंग धरत नाही, म्हणून त्या वीतभर तड्यावर ते एकाशेजारी एक भोकं पाडून पितळी स्क्रू बसवत होते. एका स्क्रूत दुसऱ्याची कड अडकवायची, घासून सपाट करायची, पुढचा घ्यायचा. गोधडीला टाके घालावेत तसं. हातड्रिलने, कांद्याच्या कामातून उरलेल्या वेळात. तीन हिवाळे. बोट नव्हती, शेठ नव्हता. कशासाठी, असं मी विचारलं नाही. तोवर एवढं शहाणपण मला आलं होतं.

आणि मग एकोणसाठच्या पौषातली ती दुपार. खळं नुकतंच सारवलेलं, अजून मळणी पडायची होती. मधोमध दोन ओंडक्यांवर ते इंजिन बोल्टांनी आवळलेलं, शेजारी गार पाण्याचं पिंप, रबरी नळ्या. मामांचे केस पार पिकलेले, अंगात बंडी. त्यांनी पेट्रोलचा कॉक उघडला, हँडल अर्धाच फेर फिरवलं. इंजिन लागलं, पण लागल्याचं मला कळलंच नाही. थोड्या वेळाने कॉक रॉकेलवर फिरवला. सुं... असा एक आवाज, घरात कुणी झोपलेलं असताना येतो तेवढा. पिंपातल्या पाण्यावर बारीक कड्या उमटत होत्या. त्यावरून समजायचं, की आहे.

मामा जमिनीवर मांडी घालून बसले, हात इंजिनावर. मी जवळ उभा. तीन वर्षं पोटात ठेवलेलं अखेर बाहेर पडलं.

"मामा, त्या दिवशी मी गप्प बसलो असतो तर?"

"तर म्या हेच धरून बसलो असतो," ते म्हणाले. "आन् शेठ बोटीत न बसताच गेला असता. माज्याच्यानं हेला न्हाई म्हनवत न्हवतं. तुमी म्हनलात. बरं झालं."

मला हायसं वाटणार होतं. तेवढ्यात ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पर तुमी गप बसाया पायजे व्हतं."

दोन्ही खरं होतं. गेल्या वीस वर्षांत मी कितीदा तरी त्यातलं एक खोडून बघितलं. दुसरं लगेच लंगडं होतं.

ऊन उतरत होतं. लांब पाटाकडेला कुणी कांद्याला पाणी धरत होतं. मामांचे डोळे मिटलेले, आणि त्यांचं अंग अगदी हळू, जेमतेम कळेल इतकं, एका बाजूला कलत होतं. मग सावकाश दुसऱ्या बाजूला. डोळे न उघडता त्यांनी मोकळा हात माझ्याकडे केला.

"बसा, पाव्हणं. हुबं ऱ्हाऊ नका. डुलंल."

मी त्या सपाट, सारवलेल्या जमिनीवर बसलो. धरायला काही नव्हतं, तरी माझा हात आधार शोधत राहिला.